काओ-तायला वर्गात घ्या: जर्मन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणी विद्यापीठात जर्मन शिकवतं, कुणी माक्स म्युलर भवनात, कुणी खासगी क्लासमध्ये, तर कुणी माझ्यासारखं घरच्या हॉलमध्ये आठ खुर्च्या मांडून. परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कट्ट्यावर आपली गाठ पडते. कुणाचे किती पास झाले ते विचारून होतं, पुस्तकांची देवघेव होते. या ओळखीच्या हक्कानेच हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. बी-वनच्या, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या, पुढे गेलेल्या प्रत्येक वर्गात हर्बर्ट रोझेनडॉर्फर यांची काओ-ताय हा नायक असलेली पत्ररूप कादंबरी वाचायला घ्या. सगळी झाली नाही तरी चालेल, पहिली तीन-चार पत्रं तरी घ्याच.

कादंबरी १९८३ सालची. नाव ‘ब्रीफे इन दी किनेझिशे फेरगांगनहाइट’, म्हणजे चिनी भूतकाळात धाडलेली पत्रं. ‘किनेझिशे’ म्हणजे चिनी. तो शब्द उत्तरेकडे ‘शिनेझिशे’ असा उच्चारतात, पण पुस्तक म्युनिकचं आहे म्हणून मी तिथल्यासारखा ‘कि’ म्हणते. मी वर्गात आधी फळ्यावर फक्त हे नाव लिहिते आणि विचारते, ‘दी’ का आलं, ‘डेर’ का नाही?

मुलं गडबडतात, आणि त्यांनी गडबडावंच, कारण मराठीत आपण ‘घरात बसला’ म्हणतो आणि ‘घरात गेला’ही म्हणतो. आपल्याला दोन्हीकडे एकच ‘त’ पुरतो. जर्मनला पुरत नाही. माणूस आत बसलेला असेल तर डाटिव विभक्ती, ‘डेर’; बाहेरून आत जात असेल तर अक्कुझाटिव, ‘दी’. ‘इन डेर फेरगांगनहाइट’ म्हटलं असतं तर ती भूतकाळात लिहिलेली पत्रं झाली असती, कुणाच्याही आजोबांच्या पेटीत सापडतील अशी. ‘इन दी’ म्हटलं की पत्रं आजच्या दिवसातून निघतात आणि भूतकाळात जाऊन पडतात. एवढासा तो आर्टिकल, पण सगळा कालप्रवास त्यात मावलेला आहे. वेक्सेल-प्रेपोझिशन, म्हणजे ‘इन’सारखी दोन्ही विभक्ती घेणारी अव्ययं, शिकवायला मी कित्येक वर्षं टेबलावर पुस्तक ठेवत होते, टेबलावरून पेन उचलत होते. मुलं नियम पाठ करायची आणि पेपरात चुकायची. हे एक नाव फळ्यावर लिहायला लागल्यापासून चुका कमी झाल्या आहेत.

गोष्ट थोडक्यात सांगते. दहाव्या शतकातला काओ-ताय नावाचा चिनी मँडरीन, म्हणजे दरबारी अधिकारी. कवींच्या एका राजमान्य मंडळाचा प्रमुख, वयाने आणि मानाने मोठा माणूस. जी-गू या मित्राबरोबर तो कालप्रवासाचं गणित मांडतो. धूर सोडणारं, चाकं फिरणारं यंत्र यात कुठेही नाही, भर सगळा हिशेबावर आहे. प्रवासाच्या झोळीत चांदी घेऊन तो हजार वर्षं पुढे उडी मारतो, आपल्याच देशाचं पुढे काय झालं ते बघायला. हिशेब कुठेतरी चुकतो आणि तो उतरतो म्युनिकमध्ये, १९८०च्या आसपास. उतरताक्षणी त्याच्यामुळे रस्त्यात मोटारींचा अपघात होतो, गर्दी जमते, पोलिस येतात. आपण काय केलं हे त्याला कळत नाही आणि भाषा तर एका अक्षराची येत नाही. पुढचे आठ महिने तो तिथे राहतो, भाषा शिकतो, मित्र जोडतो, प्रेमात पडतो, आणि जे दिसेल ते जी-गूला पत्रातून कळवतो. पत्र एका ठरलेल्या जागी ठेवायचं, तिथून ते हजार वर्षं मागे जातं. जी-गूची उत्तरंही त्याला मिळतात, पण आपल्याला वाचायला मिळतात ती फक्त काओ-तायची पत्रं.

लेखकाबद्दलही मुलांना सांगा. रोझेनडॉर्फर १९३४ साली दक्षिण टिरोलमध्ये बोझेनजवळ जन्मले, म्हणजे इटलीच्या हद्दीतल्या जर्मनभाषक मुलखात. लहानपणीच म्युनिकला आले. आयुष्यभर ते न्यायाधीश होते. बरीच वर्षं म्युनिकच्या न्यायालयात आणि शेवटची काही वर्षं नाउमबुर्गच्या उच्च न्यायालयात. सकाळी निकाल लिहायचे आणि उरलेल्या वेळात कथा, कादंबऱ्या, संगीतावरचं लेखन. २०१२ साली ते गेले. न्यायाधीशाला एक सवय असते, समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यायची. ती या पुस्तकात पानोपानी दिसते. काओ-ताय एखाद्या गोष्टीला नावं ठेवतो, पण त्याआधी ती शेवटपर्यंत बघतो.

आता आपल्या वर्गांकडे येते.

आपल्या मुलांच्या वह्या तुम्ही रोज बघता. जर्मन शब्द, त्याच्यापुढे मराठी अर्थ, आणि मध्ये पेन्सिलीने बारीक अक्षरात देवनागरीतला उच्चार. ‘इश म्योश्टे’. ‘एन्ट्शुल्डिगुंग’. ‘क्रांकनफरझिशरुंग’ दोन ओळींत तोडून. या पेन्सिलीच्या अक्षरांबद्दल आपण मुलांना रागावतो. ए-वनपर्यंत चालेल, पुढे नको म्हणतो. मीही रागवायचे. मग एकदा काओ-तायचं पत्र वर्गात वाचत असताना कोपऱ्यातली एक मुलगी एकदम म्हणाली, “मॅडम, ह्यानेपण आमच्यासारखंच केलंय.”

खरंच तसं केलं आहे. काओ-ताय ऐकलेला प्रत्येक शब्द आपल्या कानाच्या साच्यात ओततो. म्युन्शेनचं, म्हणजे म्युनिकचं, तो ‘मिन-चेन’ करतो. बायर्नचं, म्हणजे बव्हेरियाचं, ‘बा-यान’. आउटोचं, म्हणजे मोटारीचं, ‘आ-ताओ’. त्याला घरी ठेवून घेणारा भला माणूस श्मिट असावा, तो होतो ‘शी-श्मी’. बेथोवेनचा होतो ‘वे-तो-फेंग’. जर्मन वाचकाला हे ओळखायला क्षणभर थांबावं लागतं, शब्द मोठ्याने म्हणून बघावा लागतो. म्हणजे त्या क्षणी अडखळायची पाळी परक्या माणसावर येत नाही, ज्याची भाषा आहे त्याच्यावर येते. आपल्या मुलांच्या पेन्सिलीच्या अक्षरांना असा मान कुठल्याही पाठ्यपुस्तकाने दिलेला नाही. तो वर्ग झाल्यानंतर मी ती अक्षरं खोडायला सांगणं बंद केलं.

माझ्या हातात हे पुस्तक कसं आलं तेही सांगते. मी १९९४ साली म्युनिकला गेले. पहिल्या हिवाळ्यात कागदपत्रांसाठी एका सरकारी कार्यालयात बोलावणं आलं. इथे चांगलं वर्षभर जर्मन शिकून गेले होते, व्याकरण पक्कं होतं. खिडकीमागच्या बाईंनी बव्हेरियन बोलीत काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. पुन्हा सांगा म्हटलं. त्यांनी तेच वाक्य मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं सांगितलं. मागे रांग होती. माझ्या तोंडून आलेलं वाक्यही मग मोडकंच निघालं आणि त्यांनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली. ट्राममधून परत येताना मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येऊन वाक्यं मनात पुन्हा पुन्हा नीट लावत बसले, जणू तीच परीक्षा पुन्हा द्यायची आहे.

घरमालकीणबाईंना जिन्यात माझा चेहरा दिसला असावा. काही न विचारता त्यांनी संध्याकाळी एक जुनं पुस्तक आणून दिलं. कोपरे दुमडलेले, कॉफीचा डाग पडलेला. त्या रात्री मी डिक्शनरी शेजारी ठेवून पहिलं पत्र वाचलं. त्यातही एक माणूस गर्दीत उभा आहे, सगळे त्याच्यावर ओरडताहेत आणि त्याला काही कळत नाही. पण तो खाली मान घालत नाही. ही माणसं इतकी मोठ्याने का बोलतात, यांची नाकं एवढी मोठी का, पुरुष कोण आणि बाई कोण हे यांच्यात ओळखायचं कसं, असे त्याचे प्रश्न आहेत. तो त्यांना नावच ठेवतो ‘ग्रोसनाझेन’. मराठीत मी ‘मोठनाके’ म्हणते. त्या खोलीत मला पहिल्यांदा सुचलं की खिडकीच्या अलीकडून मीही त्या बाईंकडे बघत होते, आणि मी काय पाहिलं ते मला कुणी विचारलेलं नसलं तरी मी सांगू शकत होते. मग मीही आईला पत्र लिहिलं. सहा पानी झालं.

आपण मुलांना काय शिकवतो ते आठवून बघा. स्वतःची ओळख करून द्या. तुमचं शिक्षण सांगा. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या. तक्रार आली तर माफी मागा. घरमालकाला नम्र ई-मेल लिहा. लेझेन, होरेन, श्राइबेन, श्प्रेशेन, म्हणजे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, परीक्षेच्या या चारही विभागांत आपलं मूल कुणाला तरी उत्तर देत असतं. हे लागतं, हे मीही शिकवते, त्यावाचून व्हिसा मिळत नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडेही नर्सिंग केलेल्या मुली, आयटीआय झालेली मुलं विचारपूस करत येतात. शहरांतलेच नव्हे, तालुक्याच्या गावांतले. त्यांच्यातल्या कित्येकांनी विमान आतून बघितलेलं नाही. घरचे विचारतात, चार महिन्यांत बी-वन होईल का? काही ठिकाणी होईल असं छातीठोक सांगितलंही जातं. मग मुलं संवाद पाठ करतात, फॉर्म भरायला शिकतात आणि जातात. जाताना त्यांच्या मनात एकच भीती असते, आपण चुकणार.

काओ-तायही चुकतो. सारखा चुकतो. कुणापुढे किती लवायचं याचा त्याच्याकडे अपूर्णांकातला हिशेब आहे आणि म्युनिकमध्ये त्या हिशेबाचा कुणालाच पत्ता नाही. आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्यांवर वाढलेल्या मुलाला जर्मनच्या ‘डू’ आणि ‘झी’ या दोनच पायऱ्या मिळतात. पंचवीस वर्षांच्या मुलाने साठीच्या सहकाऱ्याला ‘डू’ म्हणावं असा आग्रह तो सहकारीच धरतो, तेव्हा मुलाची जीभ वळत नाही. हे दुःख लहान नाही. एका विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं, त्यांना ‘डू’ म्हणताना मला वडिलांना अरे म्हटल्यासारखं वाटतं. काओ-ताय वाचलेल्या मुलाला निदान एवढं ठाऊक असतं की हा अवघडलेपणा दोन रीतींमधल्या अंतराचा आहे, त्यात त्याचा कमीपणा नाही. लवण्याचे अपूर्णांक पाळणारा मँडरीनही याच वाटेने गेलेला आहे.

एक गोष्ट मात्र काओ-ताय कुठलीही शंका न घेता स्वीकारतो, ती म्हणजे संगीत. शी-श्मी मित्रांबरोबर घरी चौघांचं तंतुवाद्यवादन करतो. काओ-ताय त्या मेळाला स्वर्गीय चौकडी म्हणतो. मोठनाक्यांच्या शहरात आवाज फार, घाण फार, घाई फार, हे सगळं सांगून झाल्यावर तो इथे गप्प बसून ऐकतो. ज्यांच्या जगण्यात इतकं चुकतं आहे त्यांच्याच हातून हे कसं घडतं, हा विचार त्याला सोडत नाही. हा भाग मी वर्गात वाचते तेव्हा त्यानंतर व्याकरणाचं काही घेत नाही. फोनवर बेथोवेनच्या उत्तरकाळातल्या एखाद्या क्वार्टेटचा संथ भाग लावते. आठ खुर्च्यांवरची मुलं ऐकतात. एकाने विचारलं होतं, ह्यात तबला कुठे आहे? छान प्रश्न होता. आम्ही अर्धा तास त्यावर बोललो, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पण बोललो.

आता एका शब्दाबद्दल, कारण त्या शब्दासाठीच हे पुस्तक जर्मनमधून वाचलं पाहिजे. ‘फोर्टश्रिट’. आपल्या शब्दसूचीत त्याच्यापुढे ‘प्रगती’ लिहिलेलं असतं. फोडून बघा. ‘श्रिट’ म्हणजे पाऊल. ‘फोर्ट’ म्हणजे दूर, इथून निघून. कुणी गेलं की ‘एर इस्ट फोर्ट’ म्हणतात, तोच हा ‘फोर्ट’. भाषा नुकतीच शिकलेला माणूस शब्द असाच फोडून बघतो, आणि काओ-ताय नेमका असा माणूस आहे. ही मोठनाकी माणसं ज्याची एवढी पूजा करतात ते म्हणजे स्वतःपासूनच दूर जात राहणं, असं त्याला दिसतं. जन्मल्यापासून हा शब्द वापरणाऱ्या जर्मन माणसाला त्यातलं ‘फोर्ट’ ऐकू येत नाही, जसं आपल्याला ‘प्रगती’तलं ‘प्र’ ऐकू येत नाही. नव्याने शिकणाऱ्याला ऐकू येतं. माइक मिचेल यांचा इंग्रजी अनुवाद आहे, ज्यांना जर्मन येत नाही त्यांनी तो जरूर वाचावा. पण इंग्रजी ‘प्रोग्रेस’ मधून कुणी दूर जाताना दिसत नाही. आपल्या मुलांना तर जर्मन येतं, निदान येऊ लागलेलं असतं. त्यांना हा शब्द फोडायचा आनंद आपण का देत नाही?

पुस्तक आलं तो काळही सांगायला हवा. मार्च १९८३च्या निवडणुकीत पश्चिम जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये ग्रीन पक्षाचे खासदार पहिल्यांदा निवडून आले. आम्लपावसाने जंगलं मरताहेत ही चर्चा घरोघर होती, तिला जर्मनांनी ‘वाल्डश्टेर्बेन’, म्हणजे जंगलांचं मरण, असा शब्दच घडवला होता. काओ-ताय म्युनिकच्या धुराबद्दल आणि कचऱ्याबद्दल लिहितो ते त्या दिवसांत. आज आपली मुलं तिथे जातात तेव्हा त्यांना स्वच्छ नद्या आणि चार रंगांचे कचऱ्याचे डबे दिसतात आणि वाटतं की ही माणसं पहिल्यापासून अशीच होती. ती तशी नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच एका न्यायाधीशाला, आपल्या शहराची घाण दाखवायला हजार वर्षांपूर्वीचा पाहुणा बोलवावा लागला होता. हे कळलं की पुण्यातल्या मुठेकडे बघून मान खाली घालणाऱ्या मुलाला वेगळं काहीतरी सुचू शकतं.

तुम्ही म्हणाल, कालप्रवासच घ्यायचा तर जर्मनमध्ये दुसरीही पुस्तकं आहेत. आहेत, आणि दोन मला फार आवडतात. वोल्फगांग येश्के यांची १९८१ची ‘डेर लेट्स्टे टाग डेर श्योप्फुंग’ घ्या. अमेरिकी सैन्य सुमारे ५० लाख वर्षं मागे जातं, आखाताखालचं तेल त्याच काळात उपसून आपल्याकडे आणायला. भूमध्य समुद्र त्या सुमारास खरोखरच जवळजवळ आटून गेला होता. १९७०मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या संशोधन-जहाजाने तळाशी छिद्रं घेतली तेव्हा मिठाचे प्रचंड थर सापडले. येश्के यांनी त्या कोरड्या तळावर आपली माणसं उतरवली आणि त्यांना परतीची वाट ठेवली नाही. १९७३च्या तेलटंचाईत जर्मनीत रविवारी मोटारी चालवायला बंदी होती, ती भीती त्या कादंबरीत आहे. आंद्रेआस एश्बाख यांची १९९८ची ‘दास येझुस-व्हिडिओ’ मुलांना सर्वांत आधी पकडते. इस्रायलमधल्या उत्खननात २००० वर्षांपूर्वीचा सांगाडा, आणि त्याच्याजवळ अजून बाजारातही न आलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका. ही दोन्ही पुस्तकं मुलांनी सुट्टीत वाचावीत. पण त्यांतले प्रवासी भूतकाळात काहीतरी मिळवायला जातात, तेल किंवा चित्रफीत. काओ-ताय येतो तो बघायला आणि घरी कळवायला. आपल्या मुलांचं जाणं त्याच्यासारखं आहे.

पुस्तकात दोष आहेत, ते झाकून मी शिफारस करणार नाही. काओ-ताय हा म्युनिकच्या माणसाने रचलेला चिनी आहे. त्याच्या मुखवट्याआडून युरोपीय माणूस आपल्याच घराला आरसा दाखवतो. ही जुनी रीत आहे, मोंतेस्क्यूने १७२१ साली पॅरिसमध्ये इराणी पाहुणे आणून तेच केलं होतं. म्हणून काओ-तायच्या काळातल्या, कैफेंग राजधानी असलेल्या खऱ्या चीनची माहिती या पुस्तकातून घेऊ नये, आणि वर्गात तसं स्पष्ट सांगावं. दुसरं, त्याची बायकांकडे बघायची नजर घरात अनेक बायका असणाऱ्या सरदाराची आहे. माझ्या वर्गात मुलीच जास्त असतात. त्यांना ते खटकतं आणि त्या बोलतात. पहिल्यांदा मी ती पानं गाळून पुढे गेले होते. आता गाळत नाही. ज्या मुलीने श्प्रेशेनच्या सरावात आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, ती त्या पानावर चिडून सलग चार मिनिटं जर्मन बोलली. तिचे डाटिव चुकले, मी एकदाही टोकलं नाही.

भाषा अवघड आहे, हा तुमचा दुसरा आक्षेप असेल. वाक्यं लांब आहेत हे खरं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना येणारा कोन्युंक्टिव, म्हणजे क्रियापदाचं वेगळं रूप, आहे, तोही मुलांना नवा. पण पत्राची भाषा मुलाला धरून ठेवते, कारण लिहिणारा ज्याला काही माहीत नाही अशा मित्राला सगळं समजावून सांगतो आहे. मोटार म्हणजे काय, हे काओ-तायला जी-गूला पायरीपायरीने सांगावं लागतं. एवढं विस्ताराने कुठलं पाठ्यपुस्तक सांगतं? माझा अनुभव असा आहे की बी-टू सुरू केलेला वर्ग एका तासात दोन पानं वाचतो. दहा तासांत वीस पानं होतात. परीक्षेआधीच्या सरावपेपरांतले दोन कमी करा, तेवढ्यात जमतं.

वाचून झालं की मुलांना लिहायला लावा. परीक्षेत विचारतात तशी औपचारिक तक्रार नको. आजच्या पुण्याबद्दल किंवा कऱ्हाडबद्दल, हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या माणसाला, जर्मनमध्ये एक पान. यादवांच्या देवगिरीतल्या कुणाला लिहा म्हटलं तर तितकी वर्षं भरत नाहीत, पण चालतं. एका मुलाने सिग्नल म्हणजे काय हे समजावायला दीड पान घेतलं. लाल दिवा दिसला की थांबायचं हे लिहून झाल्यावर, लोक थांबत का नाहीत हे लिहायला त्याच्याकडे शब्द नव्हते, ते त्याने माझ्याकडे मागून घेतले. शब्द असे मागितले गेले की राहतात. आपल्याकडे पत्राने समाजाची झाडाझडती घ्यायची परंपरा लोकहितवादींपासून आहे. १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी शंभरावर पत्रं लिहिली आणि आपल्याच लोकांना चार गोष्टी सुनावल्या. मुलांना तेही आठवून द्या. पत्र हा प्रकार त्यांच्या घरचाच आहे.

शेवटी एक पत्र तुमच्यापुढे ठेवते. माझी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी तिकडे गेली, वृद्धाश्रमात काम करते. जायच्या आधी तिने वर्गात काओ-तायची चार पत्रं वाचली होती. ती मला फोन करत नाही, पत्रं पाठवते, अर्धी मराठीत आणि अर्धी जर्मनमध्ये. तिच्या परवानगीने त्यातला एक तुकडा इथे देते:

“मॅडम, आमच्या मजल्यावर विसरभोळेपणाचा आजार असलेले लोक आहेत. त्यांना आपली खोली सापडावी म्हणून प्रत्येक दारावर त्यांचा फोटो लावलाय. पण आताचा फोटो लावला तर त्यांना तो कुणाचा ते कळत नाही, म्हणून तरुणपणचा लावतात. एका दारावर सायकलवर बसलेली मुलगी आहे, केस वाऱ्यावर. मी रोज सकाळी सहा वाजता ते दार वाजवते आणि आत जाते, तेव्हा साठ वर्षं एकदम पुढे जाते. आजी मला विचारतात, तू कुठून आलीस? मी म्हणते, इंडिया. त्या म्हणतात, ते फार लांब आहे, रात्र झाली असेल तिकडे. मी रोज सांगते, नाही, तिकडे उजाडलंय. काल त्यांनी विचारलं, मग तू तिकडे पत्र पाठवतेस ना? म्हटलं, पाठवते.”

पहिल्या चार पत्रांची शब्दसूची मी तयार केली आहे, जर्मन आणि मराठी. काओ-तायने मोडलेल्या शब्दांसाठी वेगळं पान आहे, त्यात उत्तरं दिलेली नाहीत, ती मुलांनी मोठ्याने म्हणून शोधायची आहेत. परीक्षेच्या कट्ट्यावर भेटाल तेव्हा मागून घ्या, पुरेशा प्रती आणते.

आपली,
पुण्यातली एक जर्मन शिक्षिका